पडवीतला शेवट

गेल्या वर्षी चवथ जवळ आली तसा माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो डिचोली तालुक्यात नार्व्याला राहतो, आम्ही पेडण्यातल्या हळर्णचे. फोनवर तो आधी पावसाचं विचारतो, मग बाबांच्या गुडघ्यांचं. त्या दिवशी दोन्ही विचारलं नाही.

"यंदा गणपती हयच हाडूचो म्हणतंय," तो म्हणाला. "आवयक एकटी सोडून येवक जमणा नाय आता. काकाक तू सांग. माका नाय जमाचा."

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. आमच्याकडे त्यात सगळंच असतं. मूळ घरात गणपती एकच येतो. भाऊ कुठेही पांगलेले असोत, चवथीला माणूस मूळ घरी जातो, त्या दिवशी स्वतःच्या घरात चूलसुद्धा पेटवत नाही. जमीन वाटली जाते, विहीर वाटली जाते, एका छपराखाली वेगळ्या चुली होतात, पण गणपती एक असतो. तो वेगळा करायचा तर देवळात गाऱ्हाणं घालून, देवाला सांगून करावा लागतो, आणि मग ती दोन घराणी. पुन्हा एक झालेली मी तरी ऐकलेली नाहीत.

काका, म्हणजे चुलतभावाचे वडील, वारले. माझी आई त्याआधीच गेली. मला भाऊ नाही, आणि मी लग्न होऊन म्हापशाला. म्हणजे हळर्णच्या घरात चवथीला माटोळीखाली, त्या रानफळं बांधलेल्या लाकडी चौकटीखाली, बाबा एकटे आरती म्हणणार. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

बाबा पडवीत नारळ सोलत होते. ऐकून घेतलं, पुढचा नारळ उचलला.

"तिका येवक कोणी नको म्हटल्यान? घर तिचा आसा," ते म्हणाले.

हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. 'ती' म्हणजे माझी थोरली काकी, चुलतभावाची आई. आपल्याच माणसाला चवथीचं बोलावणं करायचं नसतं, ते परक्याला करायचं. म्हणून बाबांनी कधी बोलावलं नाही आणि म्हणून काकी कधी आली नाही. काका मुलाला घेऊन यायचे, जेवून संध्याकाळच्या बसने परत जायचे. काकी नार्व्याला एकटी, चूल न पेटवता बसायची. आई असताना म्हणायची, "त्या एका शिणेमान घर फोडलां." ते खरंही होतं आणि नव्हतंही.

त्या सिनेमाचं सांगते. थेटरातला नव्हे, खास टीव्हीसाठी काढलेला. हिंदी, काळापांढरा नसावा, पण आमच्या टीव्हीवर काळापांढराच दिसला. आमच्या वाडीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. काका डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे, त्यांनी आणला आणि पडवीत मेजावर ठेवला. रविवारी संध्याकाळी सगळी वाडी गोणपाटं अंथरून खळ्यात बसायची. हिंदी फारसं कोणाला कळत नसे. बाबा मधे मधे उभे राहून आपल्या बोलीत समजावून सांगायचे, आणि त्यांचं सांगणं मूळ संवादापेक्षा लांब व्हायचं.

गोष्ट एका बंगल्यातल्या श्रीमंत कुटुंबाची. म्हातारी आई माडीवर अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी पितळेची घंटा. एके दिवशी तिने घंटा वाजवली, कोणी गेलं नाही, आणि ती मेली. वर्षाने श्राद्धाला सगळी जमतात तेव्हा बंद खोलीतून घंटा वाजू लागते. मग एकेकाचा चेहरा. थोरला मुलगा, थोरली सून, धाकटा मुलगा. प्रत्येकजण त्या दिवशी कुठे होता, कोणी ऐकलं, कोण खोटं बोलतंय. आम्ही पोरं एकमेकांना धरून बसलो होतो. शेवटी थोरली सून जेवणाच्या टेबलावरून उठते, म्हणते, "त्या दिवशी मी..."

आणि वीज गेली. तेव्हा वीज गेली की सकाळपर्यंत येत नसे. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, सिनेमाच्या नावाने बोटं मोडली आणि कंदील घेऊन घरी गेले.

आता घरातलं. त्याच्या आदल्या मे महिन्यात माझी आजी वारली होती. शुक्रवार होता. काकी म्हापशाच्या बाजारात मिरची, आमची मिरसांग, विकायला गेली होती. आई मला घेऊन माहेरी. काका ट्रकवर. बाबा घरात होते, पण पडवीत झोपलेले, कारण रात्रभर जत्रेत नाटक करून पहाटे आले होते. दुपारच्या बसने काकी परतली तेव्हा आजी आतल्या खोलीत जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, जमिनीवर पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. घरात कोणी कोणाला काही म्हटलं नाही. बाबा गाढ झोपले होते, काकी बाजारात होती. दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या आणि दोन्ही कोणी उच्चारल्या नाहीत.

बाबा दशावतारात काम करायचे. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की त्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बाकी नट उभ्या उभ्या बोलतो, आणि ज्याला जास्त सुचतं तो मोठा नट. बाबा स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकांची कामं करायचे. राणी, सासू, विधवा, सगळं. काकी या घरात सून म्हणून आली तेव्हा बाबा शाळेत जात होते. लुगडं कसं नेसायचं, पदर कसा सावरायचा, रागावलेली बाई मान कशी फिरवते, हे सगळं त्यांनी काकीकडून उचललं. काकीच त्यांना नेसवून द्यायची. पेडण्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात, हळर्णचा स्त्रीपार्टी स्टेजवर आला की बायका पदर नीट करायच्या.

वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक पडवीत जमले. शेवट काय झाला ते सर्वांना हवं होतं. बाबा दिवसभर पेडण्याला जाऊन आले होते.

"थय एक गावलो," ते म्हणाले. "तेच्या घरात वीज होती. तेणा सगळा सांगल्यान."

असा कोणी भेटला नव्हता हे मोठ्या माणसांना कळत असावं. पण शेवट हवा होता. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, पदर केला आणि सून उभी केली. मी काकीच्या पुढ्यात बसले होते, ती माझे केस विंचरत होती.

बाबांच्या सुनेने आधी सगळ्यांकडे बघितलं. मग मान फिरवली. मग म्हणाली, "सासवेन माका म्हटल्यान, आज बाजाराक जांव नको. मी आयकलंय. आयकलंय आणि तरीय गेलंय. घांट वाजली ती माज्याच नावान वाजली."

काकीचा हात माझ्या केसांत थांबला. फणी तशीच अडकलेली. खळ्यात एक बाई म्हणाली, "गे, ही तर हुबेहूब..." आणि गप्प झाली. मग बाबांनी सुनेला गुडघ्यांवर पाडलं, रडवलं, पोलिसांच्या ताब्यात दिलं. लोक खूश झाले. काकीने फणी सोडवली, कोनाड्यात ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी नार्व्याला गेली. चार दिवसांसाठी गेली असं सगळ्यांनी धरलं. ती आलीच नाही. मग काकांनी खाण जवळ पडते असं सांगून तिथेच बिऱ्हाड केलं. टीव्ही मात्र आमच्याकडे ठेवला.

माझी आणि काकीची भेट चुकली नाही. मी म्हापशाला कॉलेजात गेले, तेव्हा ती शुक्रवारी बाजार करून बसस्टँडवर माझी वाट बघायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.कॉम. झाले, आणि हे मी सांगते तेव्हा लाजत नाही. निकाल लागला त्या शुक्रवारी काकी सगळ्या कंडक्टरांना सांगत होती. हळर्णची बस शेजारीच उभी होती. तिच्याकडे तिने बघितलंही नाही.

तर चुलतभावाच्या फोननंतर मी एक गोष्ट ठरवली. तो सिनेमा शोधायचा. माझा विचार सरळ होता. बाबांनी रचलेल्या शेवटात सून दोषी होती. खऱ्या शेवटात ती नसेल, तर काकीला तो दाखवायचा आणि प्रकरण मिटवायचं. शिकलेल्या माणसाला असं वाटतंच की कागद समोर ठेवला की भांडण संपतं. सिनेमाचं नाव कोणालाच आठवत नव्हतं. मी मोबाईलवर बंगला, आई, घंटा, श्राद्ध असे शब्द उलटसुलट घालून बघत राहिले. शेवटी कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेला सापडला. चित्र थरथरत होतं, आवाज मधेच बुडत होता. पण सून टेबलावरून उठली तेव्हा मी ओळखलं. पोळ्या लाटायच्या थांबवून उभी राहिले.

सून म्हणाली, "त्या दिवशी मी घरातच नव्हते, आणि हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे." एवढंच. मग कळतं की बंद खोलीतली घंटा थोरला मुलगाच वाजवत होता. कोण दचकतं ते बघायला. सगळेच दचकले होते, आणि वाजवणारा तोही. शेवटच्या दृश्यात सगळी परत जेवायला बसतात, घंटा टेबलावर मधोमध, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. बस. पोलीस नाहीत, रडणं नाही. खरं सांगायचं तर मला फसवल्यासारखं वाटलं. पण सून सुटली होती, माझं काम झालं होतं.

रविवारी मी नार्व्याला गेले. काकी पुढच्या दारी खुर्चीवर बसली होती. तिथून नदी दिसते आणि फेरीची ये-जा. मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि ज्या सिनेमाने ती हळर्णहून निघाली तोच हा, असं सांगितलं. तिने चष्मा मागितला.

"ही सून दीसभर इस्त्रीची साडी नेसून बसता," थोड्या वेळाने ती म्हणाली. "काम कोण करता मगे?"

"नोकर आसत, काकी."

"दिसत नाय ते." मग पुन्हा, "ही म्हातारी मेल्यार बरी दिसता. जिती आसताना अगदीच पेंगत होती."

शेवटाला तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"म्हणजे घांट थोरलोच वाजयत होतो. कोण दचकता ता बघूक."

"होय."

"मगे तुज्या बापाशीन ताच केल्यान."

मी समजावायला गेले. म्हटलं, बाबांना शेवट माहीत नव्हता, लोकांसाठी त्यांनी तो रचला, तुझ्यावर काही नव्हतं त्यात.

"रचल्यान ता माका त्याच सांजेक कळलां," काकी म्हणाली. "तेचो राग नाय माका. मीच शिकयलंय तेका, माजीच सोंगा तो करतलो. सगळा रचल्यान. एक वाक्य तेवढा रचूक नाय."

मग तिने ते सांगितलं. इतक्या वर्षांत तिने हे काकांनाही सांगितलं नव्हतं.

"त्या शुक्रारी मी टोपली डोक्यार घेवन भायर पडा होतंय. तुज्या आज्येन जनेलातसून म्हटल्यान, आज बाजाराक जांव नको. हेच शब्द. भायर दुसरा कोण नव्हता. तुजो बापूस पडवेत तोंडार चादर घेवन निजललो. मगे तेका ता वाक्य खयसून गावला?"

"सगळ्या सासवा तसाच म्हणतत," मी म्हणाले.

"म्हणतत. पण बंगल्यातली सासू 'बाजाराक जांव नको' म्हणणा नाय, बाय. त्यांच्या सुनो बाजाराक टोपली घेवन खय जातत?"

फेरी पलीकडे लागेपर्यंत ती नदीकडे बघत होती.

"माका एकच कळूक होया," ती म्हणाली. "तो जागो होतो काय? तेणा सांगल्यान तर मी चवथीक येतंय, आणि गणपती थयच रवतलो. नाय सांगल्यान तर माजो झील हय गणपती हाडतलो, मी तेका नको म्हणणंय नाय. आणि तू तेका इचारू नको. इचारलंस काय तो तुका बरा सो जबाब तयार करून देतलो. तेका ता येता. तेणा आपणाहून सांगूक होया."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब लावत होते की न विचारता कसं सांगायला लावायचं. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्याच आठवड्यात हळर्णला गेले आणि बाबांनाही सिनेमा दाखवला. नार्व्याला जाऊन आले होते हे सांगितलं. काकी काय म्हणाली ते सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही.

बाबा सिनेमा बघतात तो नट म्हणून. "ह्या बाईक उबी रवाक येणा नाय," ते सुनेबद्दल म्हणाले. "हात बघ, हात खय ठेवचे ता ठावक नाय तिका." धाकट्या मुलाचं काम मात्र त्यांना आवडलं. सून उठली तेव्हा ते पुढे सरकले. त्यांचे ओठ हलत होते. मी नीट बघितलं, सून बोलायच्या आधीच ते आपलं वाक्य म्हणत होते. सून दुसरंच बोलली. मग घंटा, थोरला मुलगा, टेबल, आणि संपलं.

"झाला?"

"झाला."

"आणि ता वाक्य खय गेला?"

"खयचा?"

"सासू म्हणता ता. आज बाजाराक जांव नको."

मी म्हटलं, "तसा वाक्य ह्यात नाय, बाबा."

"आसा. पयल्या भागात आसा. शेवटाक मी ताच तर घेतलंय उचलून." ते अगदी खात्रीने बोलत होते. "परत लाव."

मी परत लावला. पहिला भाग पूर्ण, एकही दृश्य न सोडता. म्हातारी पाणी मागते, मुलाला हाक मारते, डॉक्टरला शिव्या देते. सुनेला ती एक शब्द बोलत नाही. बाबांनी मोबाईल हातात घेतला होता आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता. वीज गेली त्या जागेपर्यंत सिनेमा आला तसा त्यांनी तो मला परत दिला.

"बंगल्यातली ती, बाजाराक कित्याक जातली," ते म्हणाले. हे माझ्याशी नव्हतं.

मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. आतल्या खोलीत गेले, जनेलाकडे उभे राहिले, परत पडवीत आले, जिथे त्यांची झोपायची जागा असायची तिथे जमिनीवर बसले आणि तिथून जनेलाकडे बघितलं. अंतर काही फार नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि काकीने काय सांगितलंय ते आठवून मिटलं. एवढं गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही.

सकाळी उठले तर बाबा दाढी करत होते. पाववाला पोदेर येऊन गेला होता, पोयांची पिशवी दाराला तशीच लटकत होती. बाबांनी पांढरा शर्ट घातला, काठी घेतली.

"चल," ते म्हणाले. "नार्व्याक."

म्हापशाला बस बदलली, डिचोलीला पुन्हा. डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान यायला लागलं होतं, रस्त्याकडेला रानातल्या फळांचे घोस, सुपाऱ्यांचे घड. बाबांनी ते बघितलं, काही घेतलं नाही. नार्व्याला पोचलो तेव्हा काकी त्याच खुर्चीवर होती. दिराला बघून उठली नाही. तिचे गुडघेही त्यांच्यासारखेच झालेत.

"बस," ती म्हणाली. "बारीक झालंस."

"तूय," बाबा म्हणाले.

मग पाऊस, शेत, नदीला आलेलं पाणी, काकांच्या शेवटच्या दिवसांतलं थोडं. चुलतभावाच्या बायकोने पाणी आणलं, चहा आणला. मी आत जाऊ की बसू हे मला कळेना. बाबांनी कप खाली ठेवला.

"वयनी, मी जागो होतंय," ते म्हणाले.

काकीने मान हलवली. पुढे बोल, असं.

"चादर तोंडार होती. तुजी पावला वाजली तेवां जाग इली. आयेन म्हटल्यान, आज बाजाराक जांव नको. तू म्हटलंस, पावसाचा दिसता, आज नाय इकली तर मिरसांग कुसतली, दोपारा येतंय. माका वाटला, ती जाता तर मी आसंय हय. असा वाटला, खरा सांगतंय. मगे मी कूस बदललंय. फुडला माका म्हायत नाय. तिणा साद घातल्यान काय नाय घातल्यान, माका म्हायत नाय. मी निजलंय."

आत कुकरची शिटी झाली आणि चुलतभावाच्या बायकोने तो उतरवलेला ऐकू आला.

मला वाटलं होतं काकी रडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे आता. ती म्हणाली, "म्हणजे मी काय म्हटलंय ता पण तू आयकलंस."

"होय."

"मिरसांग कुसतली म्हटलेला."

"होय."

"दोपारा येतंय म्हटलेला."

"होय, वयनी."

"मगे पडवेत सासवेचा वाक्य तेवढा घेतलंस. माजा खय टाकलंस?"

बाबांनी बराच वेळ विचार केला. ते खोटं जुळवत नव्हते, हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. नाटकातलं बोलताना त्यांचे हात हलतात. आता नव्हते हलत.

"आठवणीत रवला नव्हता," ते म्हणाले. "काल जनेलाकडे बसल्यार आठावला. आणि तेवां आठावला असता तरी मी घेतलंय नसता. मिरची कुसता म्हटल्यार बाई गुन्यागार दिसणा नाय. सीन पडता."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. मोठ्याने नाही, नाकातून, तिची जुनी सवय.

"बरो नट तू," ती म्हणाली. "आणि पदर उजव्या हातान धरललंस. मी डाव्या हातान धरतंय. इतक्या वर्सांत तुका ताय शिकाक नाय इला."

"उजव्या?"

"इचार त्या चेडवाक. तिच्या केसातसून फणी जाय नाय होती माजी, आणि तू थय उजव्या हातान पदर घेवन उबो."

मला हाताचं आठवत नव्हतं. मी होय म्हटलं.

"येतंय मी," काकी म्हणाली. "पण एक आसा. ज्या पडवेत सासवेचा बोललंस, त्याच पडवेत माजा पण बोलूक होया. आयकूक होती ती आसतली थोडी जिती."

बाबा म्हणाले, "आवाज येवक नाय आता तसो."

"नाय आलो तर नाय. शब्द येवंदेत."

चुलतभाऊ दुपारी कामावरून आला. काकी त्याला म्हणाली, मूर्ती सांगितली असशील तर नको म्हणून सांग. त्याने आईकडे बघितलं, काकाकडे बघितलं, आणि जेवायला बसला.

चवथीला ती सकाळीच आली, मुलाने भाड्याची गाडी केली होती. दारात थांबली नाही, सरळ आत गेली. आधी आतल्या खोलीत, थोडा वेळ. मग स्वयंपाकघरात, आणि तिथून तिचा आवाज ऐकू आला की पातोळ्यांना हळदीची पानं जून घेतलीत, ही कोणी काढली. मी काढली होती.

आरती झाली. शेजारचे आले होते, त्यात तेव्हा खळ्यात बसलेली तीनचार म्हातारी माणसं. 'हुबेहूब' म्हणून थांबलेली बाईही होती, तिला आता कमी ऐकू येतं. बाकीची तरुण मुलं, मोबाईलवर गणपतीचे फोटो काढणारी. बाबा पडवीत आले. कोणाला काही सांगितलं नाही, प्रस्तावना केली नाही. खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं. पोरं हसली, आजोबा काय करतायत म्हणून.

काकी खुर्चीवर बसली होती. मी तिच्या पायाशी.

बाबांनी पदर धरला. डाव्या हाताने. मान फिरवली, जनेलाकडे. आवाज खरंच तसा राहिला नव्हता, मधे फाटत होता.

"पावसाचा दिसता, आये," ते म्हणाले. "आज नाय इकली तर मिरसांग कुसतली. मी दोपारा येतंय."

बस, एवढंच. पोरांना काही कळलं नाही, एकाने टाळी वाजवली. कमी ऐकू येणाऱ्या बाईने शेजारणीला विचारलं, काय म्हणाला, आणि तिने तिच्या कानात पुन्हा सांगितलं. तिने काकीकडे वळून बघितलं आणि मान हलवली.

काकीने हात पुढे केला. बाबांनी उपरणं काढून तिच्या हातात दिलं. तिने त्याची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

संध्याकाळी निघताना चुलतभाऊ म्हणाला, फुडल्या वर्सा आदल्या दिसाच येतंव, माटोळी बांदूक काका एकटो पुरणा नाय. काकी गेली नाही. दीड दिवसाचा गणपती पोचवेपर्यंत ती राहिली, आणि आतल्या खोलीत जनेलाखाली झोपली.